महामार्गाची एक लेन की नदीवरचा एक पूल? व्हर्जिनियाच्या रेल्वे-निर्णयाचा अभ्यास

वॉशिंग्टन डीसीपासून दक्षिणेला रिचमंडकडे जाणारा आय-९५ हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सतत तुंबणारा महामार्ग. शुक्रवारी दुपार कलली की फ्रेडरिक्सबर्गच्या आसपास गाड्यांची रांग लागते आणि जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरच्या प्रवासाला किती तास लागतील, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. हा रस्ता रुंद करायचा तर किती खर्च येईल, याचा व्हर्जिनिया राज्याने हिशेब करून घेतला. सुमारे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर लांबीत दोन्ही दिशांना एकेक लेन वाढवायची तर १२.५ अब्ज डॉलर लागणार होते. शिवाय काम संपेपर्यंत वाढलेली रहदारी ती लेन भरून टाकेल आणि कोंडी आहे तेवढीच राहील, असाही निष्कर्ष निघाला.

डिसेंबर २०१९ मध्ये गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी वेगळा मार्ग जाहीर केला. सीएसएक्स या मालवाहतूक रेल्वे कंपनीशी करार करायचा, तिच्याकडून जमीन आणि रूळ विकत घ्यायचे आणि पोटोमॅक नदीवर प्रवासी गाड्यांसाठी दोन रुळांचा नवा पूल बांधायचा. सगळा मिळून खर्च ३.७ अब्ज डॉलर, म्हणजे लेनच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

या निर्णयाबद्दल लिहिताना बहुतेक जण हे दोन आकडे शेजारी ठेवून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. एकाच राज्यात डझनभर मार्गांची मागणी असते, प्रत्येक शहराला आपल्याकडे गाडी हवी असते, प्रत्येक आमदाराच्या हातात नकाशा असतो. अशा वेळी पैसा नेमका या मार्गावर आणि या जागी घालावा, या निष्कर्षाला व्हर्जिनिया कशी पोहोचली, ते पाहण्यासारखं आहे. त्याला दहा वर्षं लागली आणि सुरुवात राजधानीच्या आसपास झाली नाही, लिंचबर्ग नावाच्या एका मध्यम शहरात झाली.

रूळ कुणाचे?

अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेचा कोणताही निर्णय समजून घ्यायचा तर आधी मालकी समजून घ्यावी लागते. ॲमट्रॅक ही राष्ट्रीय प्रवासी रेल्वे १९७१ मध्ये सुरू झाली. बोस्टन ते वॉशिंग्टन या ईशान्य मार्गाचा बराचसा भाग तिच्या स्वतःच्या मालकीचा आहे. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला मात्र ती जवळपास सगळीकडे खासगी मालवाहतूक कंपन्यांच्या रुळांवरून धावते. हा फरक वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवर डोळ्यांना दिसतो. न्यूयॉर्कहून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन तिथे काढतात आणि डिझेलचं जोडतात. तिथून पुढे कोणती गाडी आधी सोडायची, कोणती बाजूला उभी करायची, हे मालगाडी कंपनीचा नियंत्रण कक्ष ठरवतो.

प्रवासी गाडीला प्राधान्य द्यावं असा कायदा १९७३ पासून आहे. पण तो मोडला तर कोर्टात जाण्याचा अधिकार फक्त केंद्रीय न्याय खात्याला, आणि ते खातं इतक्या वर्षांत क्वचितच कोर्टात गेलं. कायदा कागदावर आणि गाडी सायडिंगला उभी, असा प्रकार.

वॉशिंग्टन ते रिचमंड हा मार्ग पूर्वी रिचमंड, फ्रेडरिक्सबर्ग अँड पोटोमॅक या रेल्वेचा होता आणि त्या कंपनीत व्हर्जिनिया राज्याचे स्वतःचे समभाग होते. १९९१ मध्ये तिची रेल्वे सीएसएक्सकडे गेली. म्हणजे ज्या मार्गात राज्याचा कधीकाळी वाटा होता, त्याच मार्गावर जादा गाडी हवी असली की राज्याने कंपनीच्या दारात जायचं, कंपनी सांगेल ते जादा रूळ स्वतःच्या खर्चाने टाकून द्यायचे आणि ते रूळ पुन्हा कंपनीच्याच मालकीचे राहायचे, अशी रीत पडली. करदात्यांच्या पैशाने दुसऱ्याची मालमत्ता वाढवण्याची ही पद्धत मला कायम खटकत आली आहे. व्हर्जिनियाच्या निर्णयाचं मोल ठरवताना ती विसरून चालणार नाही.

लिंचबर्गची गाडी

२००८ मध्ये अमेरिकी संसदेने प्रवासी रेल्वेसंबंधी कायदा केला. ७५० मैलांपेक्षा कमी अंतराच्या गाड्यांचा खर्च यापुढे राज्यांनी उचलावा, ही त्यातली एक अट होती. ती २०१३ पासून लागू झाली. राज्यांना हा बोजा वाटला, आणि होताही. पण पैसे आपले म्हटल्यावर गाडी कुठे न्यायची हे ठरवायला राज्यं गंभीरपणे बसली, हेही खरं.

व्हर्जिनियाने ती तारीख येण्याची वाट पाहिली नाही. १ ऑक्टोबर २००९ रोजी राज्याच्या पैशाने लिंचबर्ग ते वॉशिंग्टन आणि तिथून पुढे ईशान्य मार्गावर जाणारी गाडी सुरू झाली. तीन वर्षांचा प्रयोग, असंच त्याचं स्वरूप होतं. लिंचबर्गच्या तेव्हाच्या प्रतिनिधी शॅनन व्हॅलेंटाइन यांनी त्यासाठी बराच आग्रह धरला होता. दहा वर्षांनी नॉर्थम यांच्या मंत्रिमंडळात वाहतूक खातं त्यांच्याकडेच होतं.

पहिल्या वर्षी ५१ हजार प्रवासी मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात मिळाले सुमारे १ लाख २६ हजार. चालवण्याचा खर्च तिकिटांतूनच निघाला आणि राज्याने बाजूला ठेवलेल्या अनुदानाची गरज पडली नाही.

हा अंदाज इतका का चुकला, यावर थोडं थांबायला हवं, कारण मार्ग निवडताना नेहमी होणारी गफलत इथे सापडते. दोन शहरांची लोकसंख्या घ्यायची, मधलं अंतर घ्यायचं, सध्याची वर्दळ मोजायची आणि त्यावरून प्रवासी किती मिळतील ते काढायचं, ही सर्वसाधारण रीत. लिंचबर्गसारख्या शहराला या हिशेबात फारसे गुण मिळत नाहीत. त्या मार्गावर आधी गाड्या नव्हत्या असंही नाही. न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिअन्सला जाणारी क्रेसेंट तिथून रोज जाते. पण ती लिंचबर्गला येते पहाटे नाहीतर रात्री उशिरा, आणि उत्तरेकडे जाताना जवळपास हजार मैल तोडून आलेली असल्याने तिच्या वेळेचा भरवसा नसतो. अशा गाडीचे प्रवासी मोजून त्या शहराची मागणी ठरवणं म्हणजे उपाशी माणसाला अर्धी भाकरी देऊन त्याची भूक मोजणं.

नवी गाडी सकाळी सोयीच्या वेळेला निघायची, लिंचबर्गहूनच सुटत असल्याने वेळेवर असायची, आणि वॉशिंग्टनला न उतरता थेट न्यूयॉर्क-बोस्टनपर्यंत जायची. वाटेत शार्लट्सव्हिल, म्हणजे व्हर्जिनिया विद्यापीठाचं गाव. लिंचबर्गमध्येही मोठं विद्यापीठ. घरी ये-जा करणारे विद्यार्थी, ज्यांच्याकडे मोटार नाही असे लोक, उत्तरेत नातेवाईक असलेली कुटुंबं यांची गर्दी झाली. गाडी लिंचबर्गची होती, पण तिचं बळ ईशान्य मार्गाचं होतं. ज्या शहराला आधीच मजबूत असलेल्या मार्गाची शेपटी जोडता येते, त्याचा हिशेब दोन सुट्या शहरांच्या जोडीसारखा करता येत नाही.

पुढच्या पावलांमागे हीच समज दिसते. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याची एक गाडी नॉरफोकला पोहोचली, तिथे १९७७ नंतर पहिल्यांदा. ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी लिंचबर्गची गाडी रोआनोकपर्यंत वाढवली. रोआनोक हे एकेकाळी रेल्वेचंच शहर, आणि तिथून १९७९ नंतर प्रवासी गाडी सुटली नव्हती. या प्रत्येक टप्प्यात नवे प्रवासी मिळत गेले. गाड्या वाढवायला मागणी कमी नाही, हे २०१७ पर्यंत पुरतं स्पष्ट झालं होतं. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी.

पोटोमॅकवरचे दोन रूळ

रोआनोकची गाडी असो, नॉरफोकची असो, रिचमंडची असो की फ्लोरिडाकडे जाणारी असो, वॉशिंग्टनहून व्हर्जिनियात उतरायला पोटोमॅक ओलांडावी लागते आणि तिथे रेल्वेचा पूल एकच आहे. लाँग ब्रिज. सध्याचा सांगाडा १९०४ चा, मालकी सीएसएक्सची, रूळ दोन. व्हर्जिनियाच्या बाजूने अलेक्झांड्रियाकडून तीन रूळ येतात आणि पुलाशी दोन होतात. त्यावरून लांब पल्ल्याच्या ॲमट्रॅक गाड्या, राज्याच्या गाड्या, १९९२ पासून धावणाऱ्या व्हीआरईच्या उपनगरी लोकल आणि सीएसएक्सच्या मालगाड्या, सगळ्यांनी जायचं. गर्दीच्या वेळी पुलाची क्षमता ९८ टक्के वापरली जात होती. नव्या पुलाच्या पर्यावरण अभ्यासात दिवसाला ७६ गाड्यांची नोंद आहे आणि २०४० पर्यंत १९२ गाड्यांची गरज लागेल असं गृहीत धरलं आहे.

९८ टक्के याचा अर्थ वेळापत्रक आखणाऱ्याला विचारावा. एक लोकल चार मिनिटं उशिरा आली की तिच्या मागची मालगाडी थांबते, मालगाडी थांबली की पलीकडून येणारी ॲमट्रॅक पुलाच्या तोंडाशी उभी राहते, आणि तो उशीर पुढे नॉरफोकपर्यंत जातो. अशा स्थितीत रोआनोकला दुसरी गाडी द्या, नॉरफोकला आणखी द्या, रिचमंडला दर तासाला द्या, या सगळ्या मागण्यांना एकच उत्तर होतं: पुलावर जागा नाही.

कोणत्या मार्गावर गुंतवणूक करायची, या प्रश्नाचं रूप इथे बदलतं. पूल हा कुठल्याच एका मार्गाचा नव्हता, सगळ्यांचा होता. स्वतंत्रपणे तपासला तर तो कोणत्याही मार्गाच्या हिशेबात परवडत नाही. फक्त रोआनोकसाठी दीड-दोन अब्ज डॉलर कोण घालणार? आणि प्रत्येक मार्गाचा अहवाल वेगळा मागवला, की प्रत्येक अहवालात ‘पूल होईल असे गृहीत धरून’ हे वाक्य येतं आणि पूल कुणीच बांधत नाही. मार्गांची यादी करून त्यांना गुण देण्याच्या पद्धतीतला हा मोठा दोष आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

ॲशलंडचं गाव

पूल ही एकच अडचण होती असं नाही. वॉशिंग्टन ते रिचमंड या मार्गाचा केंद्रीय रेल्वे प्रशासनासोबत मोठा अभ्यास झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावर अंतिम निर्णय निघाला. जास्तीत जास्त वेग ताशी ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटर करायचा आणि बहुतेक लांबीत आणखी एक रूळ टाकायचा, असा आराखडा होता. तो ॲशलंडला येऊन अडला.

ॲशलंड हे रिचमंडच्या उत्तरेचं छोटं गाव. तिथे रेल्वे गावाला वळसा घालत नाही, गावाच्या मधोमध रस्त्यातूनच जाते. दोन रूळ, त्यांच्या दोन्ही अंगांना अरुंद रस्ता, रस्त्याला लागून जुनी घरं आणि रँडॉल्फ-मेकन कॉलेज. तिसरा रूळ टाकायचा तर हे गाव कापावं लागणार. वळणमार्ग काढायचा तर गावाबाहेरची शेती आणि वस्ती जाणार, आणि तिथल्या लोकांचाही तितकाच विरोध. वर्षानुवर्षं बैठका झाल्या. शेवटी ॲशलंडमध्ये आहेत तेच दोन रूळ ठेवायचे आणि अलीकडे-पलीकडे तिसरा टाकायचा, असं ठरलं.

नकाशावर हा पराभव दिसतो, कारण तीन रुळांच्या मार्गात दोनचा तुकडा राहिला. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. सगळा मार्ग एकसारखा करण्याच्या हट्टापायी एका गावात पाच-सात वर्षं खटले लढत बसायचं आणि तोवर पूलही थांबवायचा, यात प्रवाशाच्या पदरात काही पडत नाही. रेल्वेची क्षमता सर्वांत चिंचोळ्या जागेवर ठरते, पण कोणत्या चिंचोळ्या जागेला आधी हात घालायचा याचा क्रम लावावा लागतो. ॲशलंडमधून जितक्या गाड्या जाऊ शकतात, तितक्या त्या वेळी पुलावरून येतच नव्हत्या.

करार

३० मार्च २०२१ रोजी अंतिम करारांवर सह्या झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळाने व्हर्जिनिया पॅसेंजर रेल ऑथॉरिटी ही स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. जमीन आणि रूळ आता तिच्या नावावर येणार होते.

राज्याने ५२.५ कोटी डॉलरला सुमारे ३५० मैल लांबीची रेल्वे-जमीन आणि २२५ मैल रूळ घेतले. वॉशिंग्टन ते पीटर्सबर्ग मार्गाच्या जमिनीचा निम्मा हिस्सा त्यात आहे. पीटर्सबर्गहून नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीकडे जाणारा, बंद पडलेला एस-लाइन मार्ग आहे. आणि डॉसवेल ते क्लिफ्टन फोर्ज हा पूर्व-पश्चिम मार्गही आहे. पुलासाठी तेव्हा १.९ अब्ज डॉलर धरले होते. ॲमट्रॅकने दहा वर्षांत ९४.४ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्या बदल्यात राज्यातल्या ॲमट्रॅक गाड्या जवळपास दुप्पट होणार, वॉशिंग्टन-रिचमंड जवळजवळ दर तासाला गाडी असणार आणि लोकल शनिवार-रविवारीही धावणार.

सीएसएक्सने हे का मान्य केलं? पैसे मिळाले हे उघड आहे. पण नवा पूल झाल्यावर प्रवासी गाड्या त्यावर जाणार आणि जुना पूल मालगाड्यांना मोकळा मिळणार. प्रवासी आणि माल यांची वाट टप्प्याटप्प्याने वेगळी झाली की कंपनीच्या मालगाड्याही खोळंबत नाहीत. ज्या करारात समोरच्याची अडचणही सुटते तोच टिकतो, कारण मग दर वर्षी गाडीच्या वेळेसाठी कोर्टाची धमकी द्यावी लागत नाही.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची खरेदी ती ५२.५ कोटींची, म्हणजे एकूण रकमेचा साधारण सातवा हिस्सा. पूल डोळ्यात भरतो, उद्घाटन पुलाचं होतं. पण जमीन राज्याची झाली म्हणून पुढचा प्रत्येक रूळ राज्याचाच राहणार आहे.

लेनशी केलेली तुलना कितपत खरी?

१२.५ अब्ज विरुद्ध ३.७ अब्ज ही तुलना राजकीय भाषणाला उत्तम होती. ती जशीच्या तशी घेऊ नये. महामार्गाच्या एका लेनवरून दिवसभरात जितकी माणसं आणि ट्रक जातात, तितकी माणसं तासाला एक गाडी नेऊ शकत नाही. रेल्वे केली म्हणून आय-९५ मोकळा होईल, असं मानणाऱ्याची निराशा होईल.

खरी तुलना अशी करावी: हा पैसा खर्च झाल्यावर माणसाला आज नसलेली कोणती गोष्ट मिळते? लेन झाल्यावर मिळते तीच कोंडी, जरा रुंद. पूल झाल्यावर मिळते कोंडीत न सापडता जाण्याची वाट, वृद्धांना, विद्यार्थ्यांना आणि मोटार नसलेल्यांना सुद्धा. सगळे ती वापरणार नाहीत. पण ती असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

जानेवारी २०२२ मध्ये तो फरक ढळढळीत दिसला. फ्रेडरिक्सबर्गजवळ बर्फाने आय-९५ बंद पडला आणि शेकडो लोक रात्रभर मोटारींत अडकले. त्यांत व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन होते. रिचमंडहून वॉशिंग्टनला पोहोचायला त्यांना २७ तास लागले. मात्र त्याच वादळात झाडं पडल्यामुळे क्रेसेंट गाडीही लिंचबर्गजवळ एक दिवसाहून जास्त अडकून पडली होती, हेही सांगायला हवं. रेल्वेला हवामान लागत नाही असा दावा कुणी करू नये. एकच रस्ता असण्यापेक्षा दोन वाटा बऱ्या, एवढंच.

त्यानंतर

सह्या झाल्या तेव्हा कोविडमुळे गाड्या रिकाम्या धावत होत्या आणि हा पैसा वाया जाणार असं म्हणणारे पुष्कळ होते. पुढे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. राज्याच्या ॲमट्रॅक गाड्यांना प्रवासी झपाट्याने परतले आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यांनी १२ लाखांचा आकडा ओलांडून नवा उच्चांक केला. जुलै २०२२ मध्ये रोआनोकला दुसरी गाडी मिळाली होती, तीही भरली. व्हीआरईची लोकल मात्र २०१९ च्या पातळीच्या बरीच खाली राहिली, कारण वॉशिंग्टनचे कचेरीत जाणारे लोक घरून काम करू लागले.

कराराच्या वेळी लोकलचे रोजचे प्रवासी हा कुणालाही भक्कम आधार वाटला असता आणि शहरांमधल्या गाड्या त्या मानाने कच्चा दुवा. झालं उलट. तरीही गुंतवणूक वाया गेली नाही, कारण पूल दोघांनाही चालतो. एकाच प्रकारच्या प्रवाशावर बेतलेला खर्च असता तर आज पंचाईत झाली असती.

खर्च वाढला. पुलाचा अंदाज २.३ अब्ज डॉलरपर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने ७२.९ कोटी डॉलर दिले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुलाचं भूमिपूजन झालं. तो २०३० मध्ये खुला व्हावा अशी योजना आहे. नदीकाठची जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेची असल्याने तिच्या बदल्यात पादचारी आणि सायकलींसाठी शेजारी स्वतंत्र पूलही होतो आहे.

वेगाची तक्रार शिल्लक आहे आणि ती रास्त आहे. बऱ्याच लांबीत गाडीचा वेग बेताचाच आहे. वॉशिंग्टनहून रिचमंडच्या स्टेपल्स मिल स्टेशनला दोन तासांहून जास्त लागतात, आणि ते स्टेशन शहराच्या मध्यापासून बरंच दूर आहे. रस्ता मोकळा असेल तर मोटार गाडीला हरवते. व्हर्जिनियाने वेगाऐवजी वारंवारता आणि भरवसा विकत घेतला. माझ्या मते क्रम बरोबर आहे, पण रिचमंडच्या मधोमध असलेल्या मेन स्ट्रीट स्टेशनपर्यंत जास्त गाड्या नेण्याचा प्रश्न जितका लांबेल तितका या भरवशाचा फायदा कमी होत जाईल.

डिसेंबर २०२३ मध्येच केंद्रीय रेल्वे प्रशासनाने देशभरातले ६९ मार्ग पुढच्या नियोजनासाठी निवडले. प्रत्येकाला पहिल्या टप्प्यात कामाची व्याप्ती आणि अंदाजपत्रक ठरवायला ५ लाख डॉलरपर्यंत. व्हर्जिनियाचा पूर्व-पश्चिम ‘कॉमनवेल्थ कॉरिडॉर’ त्यात आहे: न्यूपोर्ट न्यूजहून रिचमंड, शार्लट्सव्हिल, लिंचबर्ग, रोआनोक करत न्यू रिव्हर खोऱ्यापर्यंत. त्यातला डॉसवेल ते शार्लट्सव्हिल हा तुकडा २०२१ च्या कराराने राज्याच्या मालकीचा झालेला आहे. डॉसवेल ते गॉर्डन्सव्हिल या भागात आज नियमित प्रवासी गाडी नाही, तिथले रूळ आणि सिग्नल प्रवासी गाडीच्या लायकीचे करावे लागतील. या मार्गाला ईशान्य मार्गाची शेपटी नाही, म्हणून लिंचबर्गचा चमत्कार इथे आपोआप होईल असं मी धरून चालणार नाही. रिचमंडहून शार्लट्सव्हिलला जाणारा माणूस उतरल्यावर पुढे कुठली गाडी पकडणार, किती वेळ थांबणार, आणि संध्याकाळी परतायला गाडी आहे का, यावर तिथलं सगळं ठरेल. तेव्हा आधी रिचमंड-शार्लट्सव्हिल एवढीच जोडणी घ्यावी, सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या, रोआनोकच्या गाड्यांशी वेळ जुळवून, आणि २००९ सारखी तीन वर्षं द्यावीत. पश्चिमेकडच्या उरलेल्या मार्गाचा खर्च त्यानंतर मागावा.